सॅम्पल फ्लॅटमधली वाकळ

बिल्डरने मला फसवलं. माझ्या आईची वाकळ त्याने दिवाळीपर्यंत सॅम्पल फ्लॅटमधल्या पलंगावर अंथरायला म्हणून नेली, आणि कापून, तिच्या चौकटी करून भिंतीला टांगली. हे आधीच सांगून टाकतो, कारण नगरमध्ये ही गोष्ट आता वेगळ्याच तऱ्हेने फिरते आहे. कोणी म्हणतं मी पैशासाठी भांडलो, कोणी म्हणतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. डोकं माझं पहिल्यापासून फिरलेलंच आहे. त्याशिवाय भंगाराच्या सायकलीवरून स्वतःच्या दुकानापर्यंत कोणी पोचत नाही. पण पैशासाठी मी भांडलो नाही. पैशासाठी भांडलो असतो तर जिंकलो असतो.

वाकळ माझी नव्हतीच, माझ्या अक्काची होती. अक्का माझी थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, ती माहेरच्या घरीच राहते. आमचं गाव खर्ड्याच्या बाजूला. आई गेल्यापासून अक्का त्या वाकळीवाचून एक रात्र झोपली नव्हती. तिने ती माझ्या हातात दिली आणि मी ती बिल्डरच्या गाडीत ठेवली. आता ती मला रोज फोन करते.

तर आधी वाकळीचं.

आमच्याकडे पाऊस नावालाच. दसरा झाला की गाव ओस पडायचं. माणसं कोयते घेऊन उसाच्या तोडीला कारखान्याकडे निघायची. आमची बैलगाडी होती. तिच्यात भांडी, पिठाचा डबा, खुराड्यातल्या कोंबड्या, आणि या सगळ्याच्या वर घडी घातलेली वाकळ. वाकळीवर अक्का, आणि अक्काच्या मांडीवर मी. अक्का तेव्हा परकरातली पोर, पण मला धरून अशी बसायची की जसा काही तिचाच संसार चालला आहे.

फडाजवळ पोचलं की बाप बांबूच्या चट्ट्या उभ्या करून त्यावर पाचट टाकायचा. झाली कोपी. तिला ना दार, ना खिडकी, खाली ओली जमीन. आम्ही पोरं थंडीत बाहेर कुडकुडत उभी. आई आत वाकून आधी पाचट पसरायची, त्यावर वाकळ अंथरायची, चारी कोपरे हाताने ओढून सरळ करायची आणि मग हाक मारायची, "या रं आता घरात." वाकळ पसरेपर्यंत तिला ती जागा घर वाटायची नाही. आम्हालाही नाही. आजसुद्धा नव्या गादीवर, नव्या चादरीवर बसताना मी क्षणभर थांबतो. कोणी हाक मारेल असं वाटतं.

वाकळ आई उन्हाळ्यात शिवायची, तोडीवरून परत आल्यावर. दारातल्या लिंबाखाली ती पसरलेली, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला शेजारची कोणी, आणि मधे गावातल्या सगळ्या भानगडी. टाका कडेपासून सुरू व्हायचा आणि गोल गोल फिरत मधे यायचा. मधे हातभर जागा उरायची, तिला पोट म्हणायचे. पोट शिवून टाकण्याआधी आई त्यात भाकरीचा एक सुका तुकडा ठेवायची. उपाशी वाकळ ऊब देत नाही असं तिचं म्हणणं होतं. अक्का तेवढा तुकडा ठेवायला भांडून पुढे यायची, आणि ठेवण्याआधी त्यातला अर्धा माझ्या तोंडात कोंबायची. "वाकळीला अर्धा बास हाय. तिला कुठं ऊस तोडायचाय?"

वाकळ झिजली, फाटली की तिच्यावर नवा थर चढवायचा. जुना काढायचा नाही, उसवायचा नाही, आणि कात्री तर कधीच लावायची नाही. म्हणून आमची वाकळ वर्षागणिक जड होत गेली. सगळ्यात आत आज्याचं धोतर होतं. त्यावर बापाचा पटका. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर खायला सरकारी सुकडी मिळायची, तिच्या रिकाम्या पिशव्यांचं कापड होतं, त्यावर कुठल्या परदेशी लिपीतली निळी अक्षरं. माझी शाळेची पहिली खाकी चड्डी होती. आणि सगळ्यात वर आईचं शेवटचं लुगडं, जांभळं, काठ विटलेलं. आई गेल्यावर तो थर अक्काने एकटीने चढवला. त्या वर्षी तिच्यासमोर बसून टाका घालायला कोणी नव्हतं.

बापाकडून मला दोन गोष्टी मिळाल्या. एक राग, आणि दुसरी रुमालाखालचा सौदा. काष्टीच्या बैलबाजारात तो मला घेऊन जायचा. तिथे भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा हातावर उपरणं टाकून आत एकमेकांची बोटं धरत. बोट दाबलं की आकडा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कोणाला काही कळायचं नाही. बैल विकायचाच नसेल तर विकणारा आत मूठ वळायचा. घेणाऱ्याने त्या मुठीवर आपला पंजा ठेवून दाबला की विषय संपला, त्या जनावराचं नाव तो पुन्हा काढायचा नाही. हा शब्द मोडलेला माणूस मी त्या बाजारात पाहिला नाही. मोडला असता तर पुढच्या बाजारी त्याच्या हातावर कोणी उपरणं टाकलं नसतं.

हे एवढ्यासाठी सांगतो की या बिल्डरचा बाप त्याच बाजारात दलाल होता. पांढरा पटका, पानाने लाल झालेले दात. माझा बाप त्याला मानायचा. मी लहानपणी त्याने घेऊन दिलेली भजी खाल्ली आहेत.

पोराने दलाली सोडली, जमिनी घेतल्या, इमारती उभ्या केल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मीही भंगार सोडून जुन्या वस्तूंचं दुकान काढलं. पूर्वी लोक ज्या गोष्टी मला किलोवर द्यायचे त्याच आता मी त्यांच्या सुनांना नगावर विकतो. यंदाच्या पावसाळ्यात तो माझ्या दुकानात आला. बरोबर पुण्याच्या इंटिरियरवाल्या मॅडम.

"काका," तो म्हणाला, "मनमाड रोडला स्कीम टाकलीय. सॅम्पल फ्लॅट सजवायचाय. नगरचा माणूस आत आला की त्याला गाव आठवलं पाहिजे. आणि पुण्याचा आला की त्याला वाटलं पाहिजे, आपल्याला गाव असतं तर असंच असतं."

"आणि सगळं सस्टेनेबल हवं," मॅडम म्हणाल्या. "प्लास्टिक नको, फोम नको. मातीचं, लाकडाचं, हातानं केलेलं."

त्यांनी कोपऱ्यातलं एक चाडं उचललं. पेरणीच्या वेळी तिफणीवर बसवून ज्यातून बी सोडतात ते लाकडी चाडं. त्यांनी ते उलटं धरलं. "काका, हा लॅम्प आहे का?"

"तुम्ही म्हणाल तर लॅम्प."

"केवढ्याला?"

"चाडं म्हणून घ्याल तर स्वस्त. लॅम्प म्हणून घ्याल तर महाग."

बिल्डर खो खो हसला. "मॅडम, या माणसाशी जपून. हा स्वतःच्या सावलीला पण भाड्यानं देईल."

मला ते कौतुकच वाटलं. खोटं कशाला सांगू, ते दिवस फार चांगले गेले. मी आयुष्यभर लोकांच्या घरातून वस्तू बाहेर काढल्या होत्या. एखाद्या घरात वस्तू ठेवायची संधी पहिल्यांदाच मिळत होती, आणि तेही गाडीत पुढच्या सीटवर बसून. पारनेरच्या माळावर, राळेगणच्या पलीकडे, एका धनगराकडून काळं घोंगडं आणलं. त्याला चिंचोक्याच्या खळीचा वास येत होता. मॅडम नाक मुरडतील असं वाटलं, पण त्यांनी ते छातीशी धरलं. बुरूड गल्लीत पाट्या आणि सुपं घेतली. बुरुडाची बायको विचारत होती, "दिवा सुपात कशाला ठिवायचा, पाखडायचाय का?" घायपाताच्या दोराने विणलेली बाज केली. लग्नघराच्या भिंतीवर चुन्याने-कावेने चित्रं काढणारी एक म्हातारी होती, तिला आणून बैठकीच्या एका भिंतीवर वरात काढून घेतली. नवरीमागे तिने जेसीबीही काढला. "आता वरातीत आस्तोच की," म्हणाली. मॅडमनी तो तसाच राहू दिला. त्या दिवसापासून मला मॅडम आवडू लागल्या.

पलंग मी मिशनच्या बाजूच्या एका निवृत्त बाईंकडून आणला. त्यांचं सगळं घराणं मास्तरांचं. शिसवाचा पलंग त्यांच्या आज्याच्या वेळचा, डोक्याशी कोरलेली द्राक्षाची वेल. मी तासभर घासाघीस केली. बाईंनी मला चहा दिला, केक दिला, माझ्या नातवंडांची चौकशी केली, आणि पहिल्या आकड्यावरून तसूभर हलल्या नाहीत. वर निघताना म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो, पण सायंकाळच्या आत घेऊन जा." आजपर्यंत मला असं कोणी हरवलेलं नाही.

फ्लॅट नटत चालला. आत कुठल्याच खोलीला दार नव्हतं. दारं लावली नाहीत की खोल्या मोठ्या दिसतात म्हणे. मी म्हटलं, "शेठ, हे तर शिंगणापूर केलंत."

"काका, इथं चोरी व्हायचीच नाही."

फक्त झोपायची खोली जमेना. पलंगावर घोंगडं टाकलं तर म्हैस बसल्यासारखी दिसे. बचत गटाच्या बायकांची नवी गोधडी आणली, ती मॅडमना फार चकचकीत वाटली. मॅडम दाराच्या रिकाम्या चौकटीत उभ्या राहून म्हणायच्या, "इथे कोणी झोपलेलं वाटत नाही."

मग आम्ही रांजण आणायला खर्ड्याकडे गेलो. येताना वाटेत अक्काचं घर, म्हणून जेवायला थांबलो. अक्काने हुलग्याचं शेंगोळं केलं होतं. बिल्डर मांडी घालून, शर्टाच्या बाह्या वर करून जेवला, दोनदा मागून घेतलं. आपल्या मातीतला माणूस आहे असं मला वाटलं. मॅडम हात धुवायला बाहेर गेल्या आणि ओट्यावरून ओरडल्या, "काका! हे! हेच!"

ओट्यावर वाकळ उन्हात टाकलेली होती.

अक्का पदराला हात पुसत बाहेर आली. तिला लगेच कळलं. "ती न्हाई मिळायची बाई. ती अंगावरची हाय, बाजारातली न्हाई."

बिल्डर तिच्याशी आमच्याकडचं बोलू लागला. "अक्का, इकत न्हाई मागत. दिवाळीपत्तोर द्या. आमच्या घरात पलंगावर टाकतो, मग आनून देतो."

"कुनाच्या पलंगावर?"

"कुनाच्याच न्हाई. नुसतं बघायचं घर हाय ते. तितं कुनी ऱ्हात न्हाई."

"कुनी ऱ्हात न्हाई अन् घर कसलं मंग?"

"नमुन्याचं घर, अक्का. लोकं ते बघत्यात, अन् तसलंच दुसरं घेत्यात."

अक्का म्हणाली, "मंजी पोरगी दाखवायची एक, अन् लग्न लावायचं दुसरीशी?"

मी इतका हसलो की मला ठसका लागला. बिल्डरही हसला. हसताना त्याचा चेहरा हुबेहूब त्याच्या बापासारखा झाला, आणि तिथेच मी घसरलो असेन.

अक्का वाकळीपाशी बसली. कडेवरून बोटं फिरवत म्हणाली, "पलंग कसला हाय म्हनालास?"

"शिसवाचा," मी सांगितलं. "द्राक्षाची वेल कोरलीय."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, माय कदी पलंगावर निजली न्हाई. पाचटावर निजली, भुईवर निजली, दवाखान्यात सुद्धा खाली निजली, वर जागा न्हवती. तिचं लुगडं तरी निजू दे. दिवाळीपत्तोर." आणि लगेच बोट उगारून, "पर मी ह्यास्नी वळखत न्हाई. मी तुझ्या हातात देते. तुझ्या हातानं माघारी घीन."

तेव्हा बिल्डर म्हणाला, "काका, एकदा विचारू द्या. नाही म्हणालात तर सोडलं." आणि त्याने माझा हात धरून वाकळीच्या कडेखाली ओढला. उपरण्याऐवजी वाकळ. त्याची बोटं माझ्या बोटांवर आली. त्याने दाबलेला आकडा मोठा होता, एवढंच सांगतो. मी मूठ वळली. त्याने एकदा पुन्हा चाचपून पाहिलं. मूठ तशीच. मग त्याने माझ्या मुठीवर आपला पंजा ठेवला आणि दाबला. चांगला दाबला. वर तोंडाने म्हणाला, "संपला विषय. जशी नेतो तशी आणतो."

अक्काने दोघांचे हात वाकळीखालून बाहेर येताना पाहिले आणि तिचा जीव भांड्यात पडला. तीही बापाकडून त्याच बाजाराच्या गोष्टी ऐकत वाढलेली. तिला माहीत होतं याचा अर्थ काय. आम्हाला कागदाची आठवणही झाली नाही. आमच्या बाजूला कोणालाच झाली नसती.

फ्लॅट लोकांसाठी उघडला त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. पलंगावर वाकळ होती. खिडकीतून तिरपं ऊन लुगड्याच्या काठावर आलं होतं आणि विटलेला काठ पेटल्यासारखा दिसत होता. लोक बैठकीत फोटो काढत होते, सुपातल्या दिव्यांखाली उभं राहून हसत होते, पण झोपायच्या खोलीत आले की त्यांचा आवाज खाली यायचा. सावेडीकडचे एक गृहस्थ, सफारी घातलेले, बायकोचं लक्ष नाही असं बघून वाकले आणि त्यांनी वाकळीचा वास घेतला. मी पाहिलं हे त्यांना कळलं तेव्हा ओशाळून म्हणाले, "आमच्या घरी होती." मी म्हटलं, "सगळ्यांच्याच होती." मग आम्ही दोघं अनोळखी माणसं तिथेच उभे राहिलो.

अक्का दुपारच्या एसटीने आली. लिफ्टमध्ये तिने माझा दंड धरून ठेवला. दाराबाहेर चपला काढल्या. बाकी काही तिने पाहिलंच नाही, सरळ आतल्या खोलीत गेली आणि पलंगाच्या पायाशी फरशीवर बसली. फ्लॅट दाखवणारी मुलगी धावत आली.

"आजी, खाली का बसलात? खुर्ची देऊ?"

"आसू दे बाई. माय वर निजलीय. मी खाली बरी."

मुलीने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. अक्का तिथे तास-दीड तास बसली असेल. येणारे-जाणारे तिला वळसा घालून जात होते. ती मधेच वाकळीची कड सरळ करायची. परत जाताना एसटी स्टँडवर तिने भजी खाल्ली, चहा घेतला आणि म्हणाली, "बाबा, तू लई काय काय कमावलं. पर आज जे केलं, ते बापानं बघाया पायजे हुतं." मला आयुष्यात एवढं मोठं कोणी काही दिलेलं नाही. मी घरी येऊन बायकोला सांगायला लागलो आणि अर्ध्यातच उठून तोंड धुवायला गेलो. बायको म्हणाली, "भांडून आलात की काय?"

दिवाळीला चार-सहा दिवस राहिले तसा मी वाकळ आणायला गेलो. नवी सुतळी आणि धुतलेली चादर बरोबर घेतली होती, बांधून न्यायला.

पलंगावर पांढरं पांघरूण होतं, हॉटेलसारखं. समोरच्या भिंतीवर ओळीने चौकटी. काचेच्या आत जांभळं कापड. एका चौकटीत जांभळ्याखालून थर उलगडून दाखवले होते, पुस्तकाची पानं दाखवावीत तसे, आणि त्यात निळी परदेशी अक्षरं दिसत होती. मला आधी कळलंच नाही मी काय पाहतो आहे. मी ती अक्षरं ओळखली, मग काठ ओळखला, मग खालच्या चौकटीत खाकी ओळखली. तिथेच फरशीवर बसलो.

मॅडम आतून आल्या त्या आनंदातच. "काका! कसं वाटलं? लोक पलंगावर बसत होते हो, मुलं उड्या मारत होती. एक कड फाटली. मग म्हटलं, हे जपलंच पाहिजे. आता ऊन नाही, धूळ नाही. वर्षानुवर्षं टिकेल."

"बाकीची कुठंय?"

"काहीच वाया नाही घालवलं! कडांचे उशांचे अभ्रे केले. उरलेल्याचे टेबलावर चहाच्या कपाखाली ठेवायचे तुकडे. फक्त मधून थोडा काळा भुगा निघाला, कीड असेल म्हणून सगळ्याला औषध मारून घेतलं."

"ती कीड नव्हती," मी म्हटलं. "भाकरी होती."

मॅडमना काही समजलं नाही. मी त्यांना सांगितलं, सगळं, कोपीपासून. सांगताना त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्या माझ्यासमोर फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, मी सरांना दोनदा विचारलं होतं. ते म्हणाले, वाकळ आपलीच आहे, तुम्हाला हवं ते करा." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्यावर मी ओरडलो नाही. कात्री त्यांनी चालवली, पण त्यांना बाजार माहीत नव्हता. ज्याला माहीत होता तो खाली ऑफिसात बसला होता.

तो फोनवर होता. मला बघून हाताने बसा म्हणाला. मी बसलो नाही.

"काका, चौकटी बघितल्या? लोक वेडे झालेत. आता बुकिंगवाले म्हणतात, आम्हाला पण तशा पाहिजेत."

"वाकळ कोणाची होती?"

"अहो, तुमच्याच अक्काची. कोण नाही म्हणतं?"

"मग मॅडमना आपलीच आहे म्हणून कोणी सांगितलं?"

त्याने फोन टेबलावर उलटा ठेवला. मग हसला. "आता तेवढं... काका, लिहून कुठं काय ठरलं होतं?"

"तुझ्या बापानं कधी लिहून घेतलं होतं?"

"बापाचं बापाबरोबर गेलं. आता ॲग्रीमेंट लागतं. तुम्ही एवढे हुशार, तुम्हाला मी सांगायचं?"

"मुठीवर पंजा कोणी ठेवला?"

"अहो, ती गंमत होती! म्हातारीला बरं वाटावं म्हणून." आणि मग त्याने जे केलं ते मी विसरणार नाही. खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल ओढला, आपल्या हातावर टाकला आणि माझ्यापुढे धरला. "चला, आता खरा सौदा करू. घाला हात. सांगा आकडा. वर नव्या चार वाकळा बचत गटाकडून शिवून देतो."

त्याच्या टेबलावर त्या इमारतीचा पुठ्ठ्याचा नमुना होता. बारकी झाडं, बारक्या गाड्या, खिडक्यांत बारके दिवे. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि फरशीवर आपटला. यालाच लोक म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणतात. फिरलं. त्याची माणसं धावत आली. त्याने त्यांना थांबवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "जाऊ द्या. यांच्या चौकटी देऊन टाका यांना." मी त्या घेतल्या नाहीत. काचेत घातलेली आई मी अक्काच्या ओट्यावर कशी उतरवू?

दिवाळी होऊन गेली. आता आमच्याकडे थंडी पडली आहे, कोरडी, हाडात शिरणारी. मी अक्काला एक घोंगडं पाठवलं. ती म्हणते ते टोचतं. रोज संध्याकाळी फोन येतो.

"बाबा, वाकळ कवा आनतो?"

"लोक अजून बघायला येतात, अक्का."

"व्हय का? मंग निजू दे मायला अजून थोडी." आणि मग फोन ठेवता ठेवता, "पर आता लई गार पडतंय रं."

आयुष्यभर मी नाही म्हणणाऱ्या माणसाकडून होय काढलं आहे. कोणत्या वस्तूबद्दल कसं बोलावं, कुठे गप्प बसावं, कधी उठून चालू लागावं हे मला कोणी शिकवायला नको. पण अक्काला ही बातमी कशी सांगावी हे मला येत नाही, आणि मी ती सांगणारही नाही. ती सांगायचं काम माझं नाही.

शेठ, नगरमध्ये तुझ्याबद्दल लिहिलेलं तुझ्यापर्यंत पोचतं हे मला माहीत आहे. नाव मी घातलेलं नाही, तुला कळायला त्याची गरज नाही. ॲग्रीमेंट नव्हतं हे तू मला सांगितलंस, मी ऐकून घेतलं. आता तेच खर्ड्याच्या बाजूला जाऊन सांग. ती म्हातारी दिवसभर घरीच असते. तुला ओळखेल, जेवायला बस म्हणेल, कदाचित शेंगोळंही करेल. जेवायच्या आधी तिला सांग की तिच्या आईच्या लुगड्याला कात्री कोणाच्या शब्दावर लागली. वकील पाठवू नकोस, मॅडमना पाठवू नकोस, नव्या वाकळा तर मुळीच पाठवू नकोस. तू स्वतः जा आणि तिला उत्तर दे.